आप्पांचा उजेडाचा अंदाज

बेळगावात खडेबाजाराच्या एका बोळात, वरच्या मजल्यावर, आमचा फोटो स्टुडिओ होता. उत्तरेकडच्या छपराला कौलांऐवजी काचा बसवल्या होत्या आणि त्यांच्याखाली मांजरपाटाचे पांढरे पडदे दोऱ्यांवर सरकत. उजेड जास्त झाला की पडदे ओढायचे, कमी झाला की मागं सारायचे. माझ्या वडिलांनी, आप्पांनी, हे सगळं उभं केलं तेव्हा मी जन्मलेलोही नव्हतो. मॅट्रिक झाल्यावर मला कचेरीत चिकटवायचं घरात चाललं होतं, पण मी आप्पांच्या हाताखालीच राहिलो. मला ते काम आवडत होतं.

आप्पांचा कॅमेरा मोठा लाकडी होता, तिकाटण्यावर उभा. त्याला आपोआप उघडझाप करणारं काही नव्हतं. भिंगावर पितळी टोपी असायची. ती काढायची, मनात मोजायचं आणि परत घालायची. किती वेळ मोजायचं, ते उजेडावर. आणि उजेड किती, ते आप्पांच्या डोळ्यावर. समोर बसलेल्या माणसाच्या गालाजवळ ते आपला हात उपडा धरत, क्षणभर बघत, भिंगाचं तोंड कमीजास्त करत आणि टोपी काढत. ओठ किंचित हलत. त्यांचा अंदाज चुकल्याचं मला लहानपणापासून आठवत नव्हतं. पावसाळ्यात काचांवर शेवाळ धरायचं, चार चार दिवस आभाळ उघडायचं नाही, तरी आप्पांच्या काचेवर माणसाचा चेहरा जसाच्या तसा उतरायचा.

काच म्हणजे निगेटिव्ह. तिच्यावर उजेड जास्त पडला की ती धुतल्यावर काळी होते, कमी पडला की विरळ राहते. आप्पांनी मला पहिलं शिकवलं ते हे, आणि दुसरं शिकवलं ते कपड्यांचं. बेळगुंदीकडचे शेतकरी लग्नाकार्याला शहरात आले की फोटोला यायचे. उन्हानं रापलेले चेहरे आणि अंगावर नुकतं धुतलेलं पांढरंशुभ्र धोतर नि पटका. आप्पा म्हणायचे, धोतराकडं बघू नको, तोंडाकडं बघ. धोतर फटफटीत झालं तर कुणी विचारणार नाही, तोंड काळं आलं तर माणूस घरी काय दाखवणार.

दुसऱ्या मोठ्या लढाईच्या आधीची गोष्ट. कॅम्पात राहणारा एक गोरा साहेब विलायतेला परत निघाला होता आणि त्याचं सामान विकायला काढलं होतं. त्यात मला उजेड मोजायचं मीटर मिळालं. तळहातात मावेल एवढी काळी डबी, पुढं जाळीदार काच, वर एक बारीक काटा. उजेडाकडं तोंड केलं की काटा हलायचा. काटा जिथं थांबेल तो आकडा चकतीवर लावला की किती वेळ टोपी काढायची ते कळायचं. मला वाटलं आप्पा हसतील, नाहीतर रागावतील. तसं काही झालं नाही. लहान मुलानं भिंगरी घ्यावी तशी त्यांनी ती डबी हातात घेतली आणि खिडकीपासून भिंतीपर्यंत फिरून काट्याची मजा बघितली.

त्यानंतरचे काही महिने आमचे फार सुखाचे गेले. गिऱ्हाईक नसलं की आम्ही गच्चीवर जायचो. आप्पा आधी नुसत्या डोळ्यानं आकडा सांगायचे, मग मी मीटर बघायचो. बहुतेक वेळा दोन्ही एकच यायचं. जिथं फरक पडायचा तिथं आप्पांचं खरं असायचं, हे काच धुतल्यावर कळायचं. वाळत घातलेल्या पांढऱ्या धोतरासमोर मीटर धरलं की ते कमी वेळ सांगायचं आणि धोतर मळकट यायचं. काळ्या घोंगडीसमोर धरलं की जास्त सांगायचं आणि घोंगडी राखाडी यायची. दोनतीनदा असं झाल्यावर आप्पांना त्याचं मर्म सापडलं.

ते म्हणाले, "ह्याला पांढरं काय, काळं काय, कळत न्हाय रं. ह्याला सगळं राखेच्या रंगाचं करायचं असतंय. म्हणून पांढऱ्याला आपुन थोडं वाढवायचं, काळ्याला थोडं कमी करायचं. मग बरोबर."

पुढं मी इंग्रजी पुस्तकांतून हेच वाचलं, पण आप्पांनी सांगितलं तेवढ्या सोप्या शब्दांत मला ते कुठं मिळालं नाही.

निपाणीच्या एका तंबाखूच्या व्यापाऱ्याकडं लग्न होतं. तिथं आम्ही दोघं गेलो. वखारीच्या पटांगणात सगळं कुटुंब बसवलं, हवेत तंबाखूचा खाट इतका की पुढच्या ओळीतली पोरं शिंकत होती. आप्पांनी सगळे फोटो काढले. घरी येऊन काचा धुतल्या तर सगळ्या दाट काळ्या. छापताना उन्हात दुप्पट वेळ ठेवाव्या लागल्या. आप्पांनी काचा धुवायच्या औषधाला दोष दिला. उन्हाळा होता, पाणी गरम होतं, औषध जोरात चाललं असेल, असं मलाही वाटलं. नवीन औषध कालवलं. पुढच्या काचाही तशाच आल्या. मग आम्ही काचांच्या पेटीवर संशय घेतला आणि दुसरी पेटी उघडली. तेच.

औषध बिघडलं तर कधी काच दाट येते, कधी विरळ. आमच्या काचा नेहमी दाटच येत होत्या. पण मी काढलेल्या फोटोंचं तसं होत नव्हतं. हे माझ्या लक्षात आलं आणि तरी मी पुढचा विचार केला नाही, कारण तो करायला मन धजत नव्हतं.

मग एक दिवस, दसऱ्याच्या आसपास, पाऊस संपून स्वच्छ ऊन पडलं होतं. किल्ल्याच्या खंदकाच्या तळ्याकडून आम्ही चालत येत होतो. पाण्यावरून ऊन इतकं चमकत होतं की मी डोळ्यांवर हात धरला होता. आप्पा सरळ समोर बघत म्हणाले, "आज लई अंधारून आलंय न्हाय?"

मी त्यांच्याकडं बघितलं. ते थट्टा करत नव्हते. मी व्हय म्हटलं आणि आम्ही चालत राहिलो. थोडं पुढं एक बाई डाव्या बाजूनं डोक्यावर पाटी घेऊन आली आणि आप्पा तिच्यावर आदळले. ती त्यांना दिसलीच नव्हती.

घरी आल्यावर मी आईला हळूच विचारलं. तिनं चुलीपुढून मान वर केली नाही. तिला कधीचंच माहीत होतं. जेवायला बसले की आप्पांचा हात तांब्याला लागून तो कलंडायचा, म्हणून ती तांब्या बाजूला न ठेवता ताटाच्या अगदी समोर ठेवू लागली होती. दाराची चौकट त्यांच्या खांद्याला लागायची, म्हणून तिथला कंदील तिनं दुसऱ्या भिंतीला हलवला होता. ती म्हणाली की आप्पांशी ह्यावर एक शब्दही झालेला नाही आणि मीही काढू नये.

मी काढला नाही. आप्पांनीच काढला. एका दुपारी गिऱ्हाईक गेल्यावर त्यांनी मीटर उचललं आणि मला गच्चीवर चल म्हणाले. समोरच्या चुन्याच्या भिंतीकडं त्यांनी बराच वेळ बघितलं. आपला हात उपडा धरून बघितला. मग आकडा सांगितला आणि मीटर माझ्या हातात दिलं. मी काटा बघितला. डबी फिरवून परत एकदा बघितला.

"खरं सांग," ते म्हणाले.

मी सांगितलं.

"म्हंजे दोन स्टॉपचा फरक."

"व्हय."

"चुन्याची भिंत हाय म्हणून थोडं धरलंस का?"

"धरलं, आप्पा. ते धरून सांगितलं."

एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा. दोन म्हणजे पाव. आप्पांना उजेड जेवढा होता त्याच्या पाव हिश्श्यानं दिसत होता. गच्चीच्या कठड्याला हात टेकून ते उभे राहिले. खाली बाजारात कुणीतरी भाव करत होतं, ते ऐकत असावेत असं वाटलं. मग म्हणाले, "ऊन तिथंच हाय. मीच उतरायलोय." आणि जिन्याकडं वळले. पहिली पायरी त्यांनी पायानं चाचपली.

मिरजेला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं आम्ही त्यांना नेलं. डॉक्टर भला माणूस होता. त्यानं पुष्कळ वेळ तपासलं आणि मला बाहेर बोलावून सांगायला लागला, तर आप्पा आतून म्हणाले की जे सांगायचं ते माझ्यासमोर सांगा. काचबिंदू होता. डोळ्यामागची शीर सुकत चालली होती. कडेचं आधी जातं, मग मधलं. मोतीबिंदूसारखं काढून टाकायचं ह्यात काही नसतं, गेलं ते परत येत नाही, राहिलं तेवढं टिकवायला बघू, असं तो म्हणाला. घालायला थेंब दिले.

त्या थेंबांनी डोळ्यातली बाहुली आकसते. भिंगाचं तोंड बारीक करावं तसं. त्यामुळं आप्पांना होतं त्याहूनही अंधुक दिसायला लागलं. आगगाडीत परत येताना त्यांनी मला ते समजावून सांगितलं, जणू मी शिकाऊच होतो. "डॉक्टरनं बारीक स्टॉप लावलाय," ते म्हणाले आणि हसले. त्यानंतर त्यांना हसताना मी फारसं पाहिलं नाही.

तरी आम्ही काम सोडलं नाही. आप्पांनीच तोड काढली. ते म्हणाले, मीटरला पांढऱ्याचं जसं वाढवून द्यावं लागतं तसं मला कमी करून दे. मी आकडा सांगीन, तू त्यातून दोन स्टॉप काढ. गिऱ्हाईकांना आप्पा हवे असायचे, त्यांच्या वडिलांचे फोटो आप्पांनीच काढलेले असायचे. म्हणून आप्पा कॅमेऱ्याजवळ उभे राहायचे, हात उपडा धरायचे, आकडा पुटपुटायचे आणि मी भिंगाचं तोंड त्याप्रमाणं लावायचो. काही दिवस काचा पुन्हा चांगल्या आल्या. आप्पा त्या खिडकीकडं धरून अगदी डोळ्याजवळ नेऊन बघायचे.

पण मीटरची खोड ठरलेली असते, माणसाच्या डोळ्याची तशी नसते. सकाळी थेंब घालण्याआधी फरक वेगळा, घातल्यावर वेगळा. उन्हातून आत आले की वेगळा. आम्ही दर आठवड्याला गच्चीवर जाऊन पुन्हा पडताळायला लागलो. दोनाचा फरक अडीचावर गेला, मग तिनावर. मी कधीकधी कमी करून सांगायला बघायचो, पण आप्पा माझ्या आवाजावरून ओळखायचे. शेवटी त्यांनी गच्चीवर यायचं बंद केलं. आकडा पुटपुटायचंही बंद झालं. ते नुसते कॅमेऱ्याजवळ उभे राहायचे आणि सगळं मी मीटरवर करायचो.

ह्याच दिवसांत लढाई जोरात आली. काचा मिळेनाशा झाल्या. एकेक काच जपून वापरायची, चुकली की दुसरी नाही, अशी वेळ. कॅम्पात पलटणीची भरती चालली होती आणि खेड्यापाड्यांतून पोरं येत होती. निघायच्या आधी घरच्यांना फोटो हवा असायचा.

मी निपाणीला एका कामावर गेलो होतो. त्या दिवशी बेळगुंदीहून एक नवराबायको आपल्या एकुलत्या मुलाला घेऊन स्टुडिओत आले. मुलगा पलटणीत लागला होता, दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं त्याला जायचं होतं. माझी आई त्यांना सांगत होती की आमचा मुलगा संध्याकाळपर्यंत येईल, तो फोटो काढील, थांबा. पण त्यांची बैलगाडी परत जायची होती. मग आप्पा उठले आणि म्हणाले, मी काढतो.

हे सगळं आईनं मला नंतर सांगितलं. आप्पांनी मुलाला काचेच्या छपराखाली उभं केलं, बाजूला आईबापांना बसवलं. कॅमेऱ्यामागच्या काळ्या फडक्यात डोकं घालून ते फार वेळ उभे राहिले. बाहेर आले तेव्हा घामानं भिजले होते. भिंगाचं तोंड त्यांनी बोटांनी चाचपून लावलं. मुलाच्या गालाजवळ हात धरून बघितला. मग टोपी काढली आणि मोजत राहिले. आई म्हणाली, इतका वेळ की त्या पोराचे डोळे पाण्यानं भरून आले, पण तो हलला नाही.

निपाणीचं काम लांबलं, म्हणून त्या संध्याकाळी न येता मी दुसऱ्या दिवशी दुपारी आलो. आप्पांनी काच माझ्यासाठी ठेवली होती. मी ती धुतली. लाल दिव्याखाली ती बघता बघता काळी होत गेली, थांबेचना. बाहेर आणून उन्हात धरली तरी पलीकडचं काही दिसत नव्हतं. भिंगाचं तोंड पूर्ण उघडं राहिलं होतं. बारीक केलंय असं आप्पांच्या बोटांना वाटलं असणार. आणि टोपी त्यांनी त्यांना दिसत होता त्या उजेडाच्या हिशेबानं उघडी ठेवली होती. बाहेर त्या दिवशी लख्ख ऊन होतं.

काळी काच विरळ करायचं एक औषध असतं. ते मी वापरलं. थोडं थोडं करून, मध्ये मध्ये धुवून. कडा उजळल्या, मागचा पडदा आला, बापाच्या पटक्याची घडी आली. मग उन्हात छापली, अख्खी दुपार. कागदावर जे आलं ते असं होतं की धुक्यात तीन माणसं असावीत. बापाचं तोंड थोडं ओळखू यायचं. मुलगा मध्ये उभा होता, त्याच्यावर छपराचा उजेड सगळ्यात जास्त पडला होता, आणि तिथं नुसता पांढरा डाग होता. शिवाय सगळं अंधुक, कारण काळ्या फडक्याखाली, भिंग जुळवायच्या दुधी काचेवर, आप्पांना काहीच दिसलं नव्हतं.

आप्पा बाजूला बसले होते. त्यांनी विचारलं, "आलं का काय?"

मी म्हटलं, "न्हाय आलं, आप्पा."



पंधरवड्यानं ते दोघं फोटो न्यायला आले. मी त्यांना खरं तेच सांगितलं आणि तो कागद पुढं केला. मुलगा सुट्टीवर येईल तेव्हा पुन्हा काढून देईन, असंही म्हटलं. बायकोनं कागद दोन्ही हातांत धरला, खिडकीपाशी नेला, उलटासुलटा करून बघितला.

"ह्यात आमचा कुठला?" तिनं विचारलं.

मी बोट लावून दाखवलं. तिनं त्या जागेवर पदर फिरवला, जणू वर धूळ बसली असावी. आप्पा कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले होते, ते उठून उभे राहिले आणि तसेच उभे राहिले.  त्या दोघांनी काही बोल लावला नाही. कागद तिथंच ठेवून ते गेले.

मुलगा सुट्टीवर आला नाही. तो कुठल्याशा परदेशात मारला गेला, हे बाप आम्हाला सांगायला आला तेव्हा पाऊस चालू होता आणि त्याच्या घोंगडीतून पाणी गळत होतं. त्यानं विचारलं, त्या काचेत पोरगं अजून असंल न्हवं? परत एकदा बघता काय? मी काच काढली आणि परत औषधात घातली. मला ठाऊक होतं की उपयोग नाही. थोडा उजेड पडला असता तर मी काहीतरी ओढून काढलं असतं. जिथं सगळा उजेडच कोसळलाय तिथं वेगळं काढायला काही उरत नाही. तो माणूस दारात उकिडवा बसून राहिला. मी बाहेर येऊन मान हलवली तेव्हा तो उठला, घोंगडी डोक्यावर घेतली आणि जिना उतरून गेला. आप्पा आत होते. त्यांना सगळं ऐकू गेलं होतं.

त्या दिवसानंतर आप्पा स्टुडिओच्या खोलीत आले नाहीत. घरात मागच्या सोप्यावर बसू लागले. माणसं यायची, बोलायची, ते मान हलवायचे. मी त्यांना कामातलं काही विचारायला जायचो, मुद्दाम, येत असलेलंच. पहिल्या पहिल्यांदा ते उत्तर द्यायचे. मग म्हणायचे, तुझ्याकडं मीटर हाय की. आई दिवसातून तीनदा थेंब घालायची. मिरजेच्या डॉक्टरांनी दुसऱ्यांदा बघून सांगितलं की आता घातले नाहीत तरी चालेल. आईनं ते ऐकलं नाही.

स्वातंत्र्याच्या दिवशी सकाळी झेंडावंदनाचे फोटो काढायचं काम मला मिळालं होतं. आप्पा आपणहून म्हणाले, मलाही ने. मला इतका आनंद झाला की मी त्यांना टांग्यातून नेलं आणि मैदानाच्या कडेला खुर्ची मांडून बसवलं. सगळीकडं पांढऱ्या टोप्या, पांढरे सदरे. मीटर सांगत होतं त्याहून मी सगळीकडं वाढवून दिलं. झेंडा वर गेला तेव्हा ढग पांगून ऊन पडलं, थेट आप्पांच्या तोंडावर. माणसं आनंदानं ओरडत होती. मी कॅमेरा टाकून त्यांच्याकडं गेलो.

ते म्हणाले, "ऊन पडलंय व्हय? तोंडाला लागतंय."

"व्हय आप्पा. तुमच्या समोरच हाय."

त्यांनी डोळे उघडे ठेवूनच मान वर केली, सूर्याकडं. कुणाच्यानंही बघवणार नाही अशा उन्हाकडं ते न मिटता बघत राहिले. मग मान खाली घातली.

"कायबी न्हाय," ते म्हणाले. "चल घरला."

फोटो चांगले आले. गावात पुष्कळांनी त्यांच्या प्रती नेल्या. मी एक घरी आणली आणि आईनं ती भिंतीला लावली. आप्पांना तिच्यात कोण कुठं उभं आहे ते सांगायला मी सुरुवात केली, तर ते म्हणाले, राहू दे. पावसाळा संपायच्या आत ते अंथरुणाला लागले. शेवटच्या दिवसांत आई थेंबाची बाटली घेऊन उशाशी गेली की ते तोंड भिंतीकडं फिरवायचे, आणि ती तिथंच बाटली हातात धरून बसून राहायची.